मॅग्नेटिक फ्लोमीटरचं रीडिंग नाचतंय, ट्रान्समीटरचं कार्ड बदलू का?

कार्डाची ऑर्डर लगेच देऊ नका. तुमच्या ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) लाइनवर पंप बंद असतानाही रीडिंग वरखाली होतं, मधेच ट्रान्समीटरचं (सेन्सरच्या सिग्नलवरून रीडिंग काढून 4 ते 20 मिलीअँपियरमध्ये पुढे पाठवणाऱ्या भागाचं) आउटपुट 3.6 मिलीअँपियरवर जाऊन बसतं आणि सर्व्हिसवाला ‘कार्ड गेलं’ म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. या लक्षणांवरून कार्ड गेलं असं म्हणता येत नाही.

आधी एक सांगा, पंप थांबला की त्या ठिकाणी पाइप भरलेला राहतो का? पाणी उतरून सेन्सरमधले, पाण्याला टेकून सिग्नल घेणारे इलेक्ट्रोड उघडे पडले तर चांगलं मीटरसुद्धा नाचतं. इलेक्ट्रोडवरचा सिग्नल मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. पाण्याचा आधार गेला की मीटर आजूबाजूचा गोंगाटच मोजायला लागतं. आणि 3.6 म्हणजे बहुधा ट्रान्समीटर स्वतःच बिघाड कळवतोय. नामूर या प्रोसेस उद्योगातल्या संघटनेच्या एनई 43 शिफारशीप्रमाणे 3.8 ते 20.5 मिलीअँपियर हा मोजमापाचा पट्टा आहे. 3.6 किंवा त्याखाली, 21 किंवा त्यावर गेलं की तो अलार्म समजायचा. काही मीटरांत रिकाम्या पाइपचा अलार्मही आउटपुट तिथेच नेतो, म्हणजे तुमची दोन्ही लक्षणं एकाच कारणाची असू शकतात. डिस्प्लेवरचा एरर कोड वाचा. करंट सरळ शून्य झाला असता, तर मी लूप (करंट वाहून नेणारं वायरींचं वर्तुळ) कुठे तुटलाय का ते आधी बघायला सांगितलं असतं.

पाइप भरलेला असूनही रीडिंग नाचत असेल तर पुढचं करा. त्याआधी परमिट घ्या, कंट्रोल रूमला सांगा, या फ्लोवर चालणारा कंट्रोलर मॅन्युअलवर टाका आणि इंटरलॉक (रीडिंगवरून यंत्र आपोआप बंद करणारी व्यवस्था) असेल तर त्याचीही सोय करा. एरिया ज्वलनशील वायूचा असेल तर सप्लाय चालू ठेवून झाकण उघडायचं नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली चाचणी दहा मिनिटांची आहे. सप्लाय बंद करून ट्रान्समीटरच्या टर्मिनलवरून दोन्ही इलेक्ट्रोडच्या वायरी सोडवा आणि ती दोन टर्मिनलं सिग्नल ग्राउंडला शॉर्ट करा. कॉइलच्या वायरी तशाच राहू द्या. सप्लाय परत द्या. आता रीडिंग शून्यावर शांत बसलं, तर ट्रान्समीटरचा इनपुट ठीक आहे आणि दोष केबलमध्ये, सेन्सरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे. शॉर्ट करूनही नाचत असेल तर मात्र संशय कार्डावर जातो.

आउटपुटची बाजू लूप टेस्टने तपासा. ट्रान्समीटरच्या मेनूमधून 12 मिलीअँपियर सोडा आणि लूपमध्ये मालिकेत मल्टीमीटर लावून बघा. मल्टीमीटर 12 दाखवत असताना कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर 50 टक्के दिसत नसेल, तर पीएलसी (प्लांट चालवणारा कंट्रोलर) कार्ड किंवा स्केलिंग बघा. चार वायरच्या मीटरला बऱ्याचदा ॲक्टिव्ह, म्हणजे लूपला स्वतःच वीज पुरवणारा आउटपुट असतो. तो 24 व्होल्ट देणाऱ्या चॅनेलला जोडला की दोन सप्लाय एकमेकांना भिडतात, तेही तपासून घ्या.

सेन्सरकडे वळताना वायरी सोडल्याशिवाय मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावू नका, ट्रान्समीटर त्यानेच जाईल. कॉइलचा रोध मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळतो का बघा. मग कॉइल ते बॉडी 500 व्होल्ट मेगरने बघा. वाचन शेकडो मेगाओम आलं तर निश्चिंत व्हा, एखाद-दोन मेगाओमच आलं तर आत ओल शिरलीय. भरलेल्या पाइपवर दोन्ही इलेक्ट्रोड ते ग्राउंड साध्या मल्टीमीटरने मोजा. ध्रुवीकरणामुळे आकडा सरकत राहतो, म्हणून पहिलं वाचन धरा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक खूप वेगळा आला तर त्या इलेक्ट्रोडवर थर बसलाय किंवा त्याच्या वायरीत पाणी आहे.

पाण्याचं एवढ्या आवर्जून सांगतोय, कारण कोकणातल्या एका कारखान्यात जुलैमध्ये मी हीच चूक केली होती. नवीन कार्ड मागवलं, बसवलं, दोन दिवसांत पुन्हा तेच. शेवटी सेन्सरचा जंक्शन बॉक्स उघडला तेव्हा तळाशी पाणी आणि टर्मिनलांवर हिरवा गंज होता. केबल आत घेणारा ग्लँड वरच्या तोंडाला होता, त्यामुळे केबलवरून ओघळणारं पाणी सरळ आत जायचं. टर्मिनल बदललं, बॉक्स गरम हवेने वाळवला, ग्लँड खाली वळवला आणि केबलला थेंब ओघळण्यापुरता झोळ दिला. जुनं कार्ड परत लावलं तर ते उत्तम चाललं. एक महिना आणि मोठी रक्कम वाया गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

ट्रान्समीटर खरोखर गेला असेल तर आधी पॉवर सप्लाय विभाग बघा. फ्यूज, वीज पडल्यावर उडालेला व्हेरिस्टर (जास्तीचं व्होल्टेज अडवणारा भाग) आणि उन्हातल्या पॅनेलमध्ये फुगलेले कपॅसिटर तिथे सापडतात. तुमची लाइन प्लास्टिकची किंवा रबर लायनिंगची असेल तर ग्राउंडिंग रिंगा (पाण्याला ग्राउंडशी जोडणाऱ्या धातूच्या कड्या) आहेत का तेही बघा. त्या नसल्या की शेजारच्या मोटारीचा व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू झाल्यावर रीडिंग हलतं.

आणि कार्ड बदलावंच लागलं, तर सेन्सरच्या नेमप्लेटवरचा कॅलिब्रेशन फॅक्टर आणि लाइन साइज नव्या ट्रान्समीटरमध्ये भरल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका. जुना काढण्याआधी सगळ्या पॅरामीटरचे फोटो काढून ठेवा. एरर कोड आणि इलेक्ट्रोडची दोन्ही वाचनं इथे टाका, मी बघतो.