केसपेपरवरून रिसर्च करणार असशील तर

नाव खोडलं की पेशंटची ओळख लपली असं समजू नकोस बाबा. मी पण सुरुवातीला तेच केलेलं, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) केसपेपरवरून एक्सेल बनवली, नावं-मोबाईल नंबर उडवले पण वाडी, वय, धंदा आणि अॅडमिटची तारीख तशीच ठेवली, आणि आमच्याकडे सिंधुदुर्गात वाडी म्हणजे कधीकधी वीस-पंचवीस घरं. सिस्टरनी शीट बघितली, म्हणाल्या, "६२ वर्षांचा खलाशी, गणपतीच्या आदल्या दिवशी अॅडमिट, अहो हे तर आमचे शेजारी!" घामच फुटला मला.

तेव्हा वाडीऐवजी तालुका लिही, वयाचा गट कर, तारखेऐवजी महिना पुरतो. नावाऐवजी प्रत्येक पेशंटला कोड नंबर दे, आणि कोड कुणाचा कुठला ती यादी वेगळ्या फाईलमध्ये, पासवर्ड लावून. आणि व्हॉट्सअॅपवर केसपेपरचे फोटो बिलकुल नको, सगळे करतात तरी नको.

जुने रेकॉर्ड वापरायला प्रत्येक पेशंटची सही लागतेच असं नाही, आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये काही अटींवर संमतीतून सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे एथिक्स कमिटी (रिसर्च नैतिकदृष्ट्या योग्य आहे का ते तपासणारी समिती) ठरवते, तू नाही आणि तुझे सर पण नाहीत. म्हणून आधी कमिटीची परवानगी, मग रेकॉर्ड रूमची चावी.