रानातल्या वनस्पती ओळखायला शिकायचंय, कोणतं ॲप वापरू?

ॲपचं नाव सांगणारे बरेच भेटतील, मी नाही सांगणार, कारण ह्याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं तीन वर्षं वाजतंय.

दादाला फोटोवरून दोनेकशे नावं पाठ आहेत. पाऊस संपून सगळं वाळल्यावर आम्ही दोघं रानकंद, म्हणजे करांद्याच्या कुळातले रानातले कंद, शोधायला गेलो. पावसात जिथे त्याने वेलांचा फोटो काढून ठेवला होता, तिथेच झुडपांच्या कडेला खणलं. बोटाएवढा जाड, गुळगुळीत, मध्येच कोपरासारखा वळलेला कंद निघाला. "हाच," म्हणाला आणि टाकला पिशवीत. मला ते वळण पटेना, शिवाय रानकंदावर केसांसारखी बारीक मुळं असतात, ती जवळपास नव्हतीच. म्हणून वर बघितलं तर बाजूच्या काडीला एक वाळकं पान लोंबत होतं, पानाचं टोक तारेसारखं लांबलेलं आणि त्या काडीला घट्ट दोन वेढे घालून बसलेलं. रानकंदाचा वेल खोडानेच पीळ घेत चढतो, पानाच्या टोकाने कधीच नाही. जरा पुढे उकललेलं बोंड, आत शेंदरी बिया. कळलावी! भर पावसात तिथेच मी तिची फुलं बघितलेली, पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या आणि वर लाल.

दादा म्हणे उकडलं की विष जातं. काही कडू रानकंदांचं तसं आहे, चकत्या करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून खातात लोक. पण कळलावीत कोल्चिसिन नावाचं विष असतं, ते उकडून जात नाही. गाउटवर, म्हणजे सांधे सुजून दुखतात त्या आजारावर, त्याच्याच गोळ्या देतात, पण त्या मिलिग्रॅमच्या हिशोबात. जास्त गेलं की आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव बंद पडतो. ह्या कंदाने माणसं मेलीयेत.

त्यामुळे तुम्ही दहाच झाडं धरा आणि वर्षभर त्यांच्याकडे जात राहा, कोंब असताना, फुलावर, फळावर, वाळल्यावर पण. पानं समोरासमोर की एकाआड एक, शिरा समांतर की जाळीदार, तोडल्यावर चीक येतो का, सगळं वहीत काढा. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल, काढायला बसलं की नीट बघावंच लागतं. जागाही लिहा, मात्र नुसत्या जागेवर विसंबू नका, रानकंद काय आणि कळलावी काय, दोन्हींना झुडपांची कडच लागते.

आता ॲप अगदीच टाकाऊ असं नाही, फूल असेल तर निदान कुळापर्यंत नेतं. पण जे तोंडात घालायचं ते जाणत्या माणसाने हातात धरून दाखवल्याशिवाय अजिबात नको. आणि उगाच खणू पण नका, कंद काढला की तो वेल गेलाच.

दादा अजून म्हणतो, फूल असतं तर ॲपने बरोबर सांगितलं असतं. सांगितलंच असतं. पण कंद खणायच्या दिवसांत फूल नसतं, दादा.