ब्लेचलीला जाताय? मग ‘एच ब्लॉक’ चुकवू नका

प्रश्न : मे महिन्यात मुलाकडे लंडनला जाणार आहोत. बारा वर्षांचा नातू संगणकवेडा आहे. दुसऱ्या महायुद्धात गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी ‘कोलॉसस’ संगणकावर जर्मनांच्या ‘एनिग्मा’ यंत्राची गुप्त लिपी फोडली, तो संगणक ब्लेचलीला पाहायला मिळतो म्हणे. दिवसभर रमावे एवढे तिथे आहे का? (एक आजोबा, ठाणे)

उत्तर : अवश्य जा, आणि सकाळीच निघा. यूस्टन स्थानकातून ब्लेचलीची गाडी मिळते, उतरल्यावर थोडे चालायचे. मात्र ब्लेचली पार्क (युद्धकाळात शत्रूचे गुप्त संदेश फोडण्याचे ब्रिटिश केंद्र) आणि त्याच आवारात ‘एच ब्लॉक’मधले नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग या दोन वेगळ्या संस्था आहेत. तिकिटे वेगळी. संगणकांचे संग्रहालय रोज उघडे नसते, तेव्हा वार आधी पाहून घ्या. दोन्हींपैकी एकच जमणार असेल, तर मी संगणकांचे निवडीन, कारण तिथली यंत्रे चालवून दाखवतात.

नातवाला गोष्ट सांगण्याआधी एक गुंता सोडवू. एनिग्मासाठी होते ते ‘बॉम्ब’ नावाचे यंत्र. पोलंडच्या गणितज्ञांनी १९३२पासून घातलेल्या पायावर ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी ते आखले. त्याची पुन्हा उभारलेली प्रतिकृती याच संग्रहालयात आहे. कोलॉसस मात्र ‘लोरेंझ’साठी होता. लोरेंझ म्हणजे जर्मन सेनाश्रेष्ठींचे टेलिप्रिंटर संदेश गुप्त करणारे बारा चाकांचे यंत्र. ऑगस्ट १९४१मध्ये एका जर्मन ऑपरेटरने सुमारे ४००० अक्षरांचा संदेश, चाकांची मांडणी न बदलता, किरकोळ फरकाने दोनदा पाठवला. तेवढ्या धाग्यावरून बिल टट या तरुणाने, यंत्र डोळ्यांनी न पाहता, त्याची सगळी रचना शोधून काढली. माझ्या मते ब्लेचलीतली सर्वांत मोठी करामत हीच.

आणि कोलॉसस बांधला टॉमी फ्लॉवर्स यांनी. मी स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, म्हणून या माणसाबद्दल मला फार जिव्हाळा आहे. फ्लॉवर्स ब्रिटिश पोस्ट खात्याच्या डॉलिस हिल प्रयोगशाळेतले टेलिफोन इंजिनिअर. दीड हजारांहून जास्त व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधी वापरत त्या काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) एका यंत्रात भरवशाने चालतील यावर कोणाचा विश्वास बसेना. फ्लॉवर्सना एक्स्चेंजच्या कामातून ठाऊक होते, की व्हॉल्व्ह जातात ते बहुधा चालू-बंद करताना. सतत चालू ठेवले तर टिकतात. फेब्रुवारी १९४४मध्ये पहिला कोलॉसस कामाला लागला, युद्ध संपेपर्यंत दहा झाले.

आज दिसतो तो टोनी सेल आणि सहकाऱ्यांनी मोजक्या छायाचित्रांवरून, जुन्या इंजिनिअरांच्या आठवणींवरून पुन्हा उभा केलेला. २००७मध्ये तो पूर्ण झाला. संदेशाची छिद्रे पाडलेली कागदी फीत फिरत्या चाकांवरून सेकंदाला ५००० अक्षरांच्या वेगाने पळते. त्या फितीपुढे घाई करू नका.

नातवासाठी खास म्हणजे १९५१चा ‘विच’ संगणक. त्याच्या डेकाट्रॉन नळ्यांत आकडा म्हणजे प्रकाशाचा एक ठिपका, तो एकेक घर पुढे सरकतो. एका गुणाकाराला काही सेकंद लागतात, त्यामुळे हिशेब होताना डोळ्यांनी दिसतो. आजच्या मोबाइलमध्ये हे मुलांना कुठे दिसणार? जवळ स्वयंसेवक उभे असतात. प्रश्न नातवालाच विचारू द्या. ‘बीबीसी मायक्रो’ या १९८०च्या दशकातल्या संगणकावर त्याला स्वतः ‘बेसिक’ भाषेत प्रोग्राम लिहूनही पाहता येईल.

प्रश्न : आम्ही कॉलेजात पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक ‘एनियाक’ असे शिकलो. कोलॉससचे नाव तेव्हा कसे नव्हते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कारण पुस्तके लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते. अमेरिकेचा एनियाक फेब्रुवारी १९४६मध्ये गाजावाजा करून जगापुढे आला. त्याआधी दोन वर्षे कोलॉसस चालू होता, पण युद्धानंतर बहुतेक कोलॉसस मोडले गेले आणि फ्लॉवर्सना कागदपत्रे नष्ट करायचा हुकूम झाला. त्यांनी आपले आराखडे डॉलिस हिलच्या भट्टीत जाळले. १९७०च्या दशकापर्यंत सगळे गुप्त राहिले. तारा बदलून एनियाककडून नाना तऱ्हेची गणिते करून घेता येत. कोलॉसस सांकेतिक संदेशांपुरताच बांधला होता. हा फरक आहेच, पण तारखेने कोलॉसस आधीचा.