दोष कोणता, स्वभाव कोणता? अल्ट्रावाइड मॉनिटरबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळच्या पत्रांत बहुतेकांची तक्रार एकाच जातीची आहे : अल्ट्रावाइड (नेहमीच्या १६:९ ऐवजी २१:९ प्रमाणाचा, आडवा रुंद) मॉनिटर घेतला, अंधारात लावला आणि कोपरे चमकताना दिसले. त्यातल्या काही तक्रारी रास्त आहेत. काहींत मात्र पॅनेल त्याच्या जातीप्रमाणेच वागते आहे आणि बदलून आणलेला दुसरा मॉनिटरही तसाच निघेल. हा फरक ओळखता आला की परत पाठवायचे कधी आणि गप्प बसायचे कधी, हे ठरवणे सोपे जाते.

प्रश्न : माझ्याकडे २४ इंची फुल एचडी मॉनिटर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आहे. टेबल ६० सेंटीमीटर खोल आहे. २९ इंची अल्ट्रावाइड घ्यावा की ३४ इंची? (नाशिक)

२९ इंची घेऊ नका. अल्ट्रावाइडचे इंच कर्णावर मोजलेले असतात, त्यामुळे आकडा फसवतो. २९ इंचीची उंची जेमतेम २८.६ सेंटीमीटर भरते, तुमच्या आताच्या २४ इंचीची सुमारे ३०. म्हणजे पैसे मोजून पडदा आडवा वाढतो आणि उभा घटतो. ३४ इंची साधारण ८० सेंटीमीटर रुंद आणि ३३ सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे उंचीला नेहमीच्या २७ इंचीएवढा.

मात्र ३४ इंचीत रिझोल्यूशन ३४४० बाय १४४० आहे ना, हे पाहूनच घ्या. त्याच आकारात २५६० बाय १०८० असलेले स्वस्त मॉनिटर मिळतात. त्यांत इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल बसतात, तुमच्या आताच्या मॉनिटरवर ९२ आहेत. अक्षरे दातेरी दिसतील. ३४४० बाय १४४० ला हाच आकडा ११० वर जातो.

आता कार्डाचे. फुल एचडीत सुमारे २०.७ लाख पिक्सेल, इथे ४९.५ लाख, म्हणजे काम जवळजवळ अडीचपट. जड गेममध्ये डीएलएसएस (कमी पिक्सेलचे चित्र काढून ते मोठे करणारी एनव्हिडियाची सोय) ‘क्वालिटी’वर ठेवा. तेव्हा कार्ड आतून साधारण २२९३ बाय ९६० एवढेच चित्र काढते आणि भार फुल एचडीच्या आसपास येतो. ४०६० ची मेमरी ८ जीबी आहे, तेव्हा टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रे) ‘अल्ट्रा’वर नेण्याचा मोह आवरा. तिथे सरासरी फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) ठीक दिसतात आणि मधूनच झटके बसतात.

६० सेंटीमीटरच्या टेबलावर सोबतचा स्टँड नको. त्याचे पसरलेले पाय टेबलाची बरीच खोली खातात आणि पडदा नाकाशी येतो. मागे १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसा छिद्रे (आर्म बसवायची प्रमाणित छिद्रे) आहेत का पाहा आणि टेबलाच्या मागच्या कडेला आवळायचा आर्म घ्या. आर्मची वजनमर्यादा स्टँड वगळून पॅनेलच्या वजनाशी ताडून पाहा, वर किलो-दोन किलोची मोकळीक असू द्या.

दराचे म्हणाल, तर ३२ इंचावरच्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. त्याआधीच्या किमतीवर ‘सवलत’ दाखवणाऱ्या जाहिराती या हिशेबाने वाचा.

प्रश्न : दिवसा एक्सेल, रात्री अंधारी खोली करून भयपट छापाचे गेम. आयपीएस, व्हीए की ओएलईडी? (पुणे)

या तिन्ही पॅनेलच्या जाती. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला उजेडाचा फरक) साधारण १००० ला १. अंधाऱ्या खोलीत काळा रंग करडा दिसणारच. व्हीएचा ३००० ला १ किंवा थोडा वर, त्यामुळे काळा खरोखर काळा वाटतो. पण व्हीएचे पिक्सेल गडद काळ्यातून गडद करड्यात जाताना रेंगाळतात. अंधाऱ्या बोगद्यात कॅमेरा फिरवला की मागे काळी शेपटी उरते. तुमचे गेम नेमके याच प्रकारचे आहेत. मॉनिटरच्या मेनूतला ब्लॅक इक्वलायझर किंवा गॅमा (गडद भाग उजळवणारी सेटिंग) एखाद्या पायरीने उचलला की शेपटी आखडते, पण ज्यासाठी व्हीए घेतला तो काळाही थोडा फिका होतो.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, म्हणून अंधारात त्याला तोड नाही आणि शेपटीही नाही. अडचण दिवसाची. २०२२ साली एलियनवेअर एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यू हा पहिला क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचा एक प्रकार) मॉनिटर आला. त्यात लाल, हिरवा, निळा हे उपपिक्सेल एका ओळीत नसून त्रिकोणात मांडलेले आहेत. बारीक अक्षरांच्या कडांना त्यामुळे हिरवट-जांभळट रेघ दिसते. विंडोजचे क्लियरटाइप (अक्षरे गुळगुळीत दाखवणारी सोय) जुळवून ती थोडी सौम्य होते, जात नाही. शिवाय या पॅनेलवर पोलरायझरचा, म्हणजे बाहेरचा उजेड शोषणारा, थर नसल्याने उजेडाच्या खोलीत काळा रंग जांभळट करडा दिसतो. खिडकी पडद्यासमोर येत असेल तर पैसे वाया.

दिवसाचे आठ तास एक्सेल असेल, तर आमचे मत आयपीएसच्या बाजूने. मागच्या भिंतीवर मंद दिवा लावला की करडा काळा फारसा खुपत नाही. ओएलईडी ज्याचे काम कमी आणि खेळ जास्त, त्याच्यासाठी.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेला आयपीएस अल्ट्रावाइड या आठवड्यात येईल. परत करण्याच्या मुदतीत नेमके काय तपासू? (सांगली)

सील न तोडलेल्या खोक्यापासून व्हिडिओ सुरू करा, खोक्यावरचा आणि मॉनिटरच्या मागचा सिरियल क्रमांक त्यात येऊ द्या. पॅनेल थर्माकोलमध्ये पालथे असतानाच स्टँड बसवा. उचलताना दोघे जण लागा. पडद्यावर अंगठा दाबून धरला की वक्र पॅनेलला दाबाचा डाग पडतो आणि तो वॉरंटीत बसत नाही. खोका आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, रद्दीत देऊ नका.

सोबतची डिस्प्लेपोर्ट केबल वापरा. विंडोज बहुधा ६० हर्ट्झवरच (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणे) सुरू होते; सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन १४४ किंवा जो कमाल आकडा असेल तो निवडा. एचडीएमआय २.० लावलीत तर ३४४० बाय १४४० वर अनेक मॉनिटर १०० हर्ट्झलाच अडतात, तो दोष नव्हे. मग अर्धा तास मॉनिटर चालू ठेवून तापू द्या आणि कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने हलकेच पुसा. धुळीच्या कणाला मेलेला पिक्सेल समजून परत पाठवणारे कमी नाहीत.

पेंटमध्ये ३४४० बाय १४४० ची काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी अशी पाच चित्रे करा आणि पूर्ण पडद्यावर दाखवा. मेलेला पिक्सेल पांढऱ्यावर काळा ठिपका म्हणून दिसतो, अडकलेला काळ्यावर रंगीत. तीन रंगांवर उपपिक्सेलचे दोष सापडतात. आणखी दोन चित्रे लागतील : तिन्ही रंगांना १२८ देऊन मध्यम करडा आणि १३ देऊन जवळजवळ काळा. मध्यम करड्यावर मळके पट्टे किंवा ढग दिसले, तर फुटबॉलच्या मैदानावर किंवा आकाशावर कॅमेरा सरकताना ते सतत डोळ्यांत येतील. पांढऱ्या चित्रावर डावी-उजवी बाजू ताडून पाहा. एक टोक पिवळसर आणि दुसरे निळसर असेल, तर कॅलिब्रेशनने (रंग जुळवण्याने) ते सुटत नाही, कारण ते पूर्ण पडदा एकसारखाच सरकवते.

आता काळ्याची परीक्षा, आणि इथेच सगळे चुकतात. ब्राइटनेस १०० वर ठेवून, मोबाइलने फोटो काढून घाबरू नका. मोबाइल अंधारात एक्सपोजर वाढवतो आणि कोपऱ्यात आग लागल्यासारखे दिसते. रोज वापरता तेवढाच ब्राइटनेस ठेवा. रात्री १०० ते १२० निट्स (उजेडाचे माप) पुरतात, आणि बऱ्याच मॉनिटरवर ते २५ ते ४० टक्क्यांवर मिळतात. दिवे घालवा, नेहमीच्या जागी बसा आणि डोके डावी-उजवीकडे हलवा. चमक तुमच्याबरोबर सरकली, फिकी-गडद झाली, तर तो आयपीएस ग्लो. दोन मीटर मागे गेल्यावर तो बराच ओसरतो. प्रत्येक आयपीएसमध्ये तो असतो, रुंद पडद्यात जास्त जाणवतो, कारण टोके डोळ्याशी तिरका कोन करतात. चमक जागची हलली नाही, मागे गेल्यावरही तशीच राहिली आणि कडेला चिकटलेली असेल, तर ते बॅकलाइट ब्लीड. चौकटीचा दाब पॅनेलवर असमान पडला की मागचा प्रकाश तिथून निसटतो. वक्र पॅनेलचे कोपरे ताणाखाली असल्याने तिथे हे अधिक आढळते. चौकटीचे स्क्रू ढिले करण्याचे सल्ले ऐकू नका, वॉरंटी जाते.

कसोटी एवढीच : नेहमीच्या ब्राइटनेसवर, अंधारा सिनेमा किंवा गेम चालू असताना ब्लीड दिसते का? दिसत असेल तर परत करा. फक्त पूर्ण काळ्या चित्रावर, शोधल्यावर सापडत असेल तर ठेवा. दुसरा नग याहून वाईट निघण्याची शक्यता खरी आहे.

शेवटी टेस्टयूएफओ या संकेतस्थळावर सरकत्या चित्रात ओव्हरड्राइव्हच्या (पिक्सेल लवकर बदलायला लावणाऱ्या सेटिंगच्या) सगळ्या पायऱ्या पाहा. सर्वांत वरची पायरी जाहिरातीतल्या एक मिलिसेकंदासाठी ठेवलेली असते, तिच्यात वस्तूमागे उजळ कडा उमटते. मधली पायरी बहुधा योग्य. फ्रेम ६०-७० वर उतरल्यावर तीच पायरी जास्त वाटली तर एक खाली या.

प्रश्न : व्हीए मॉनिटर १४४ हर्ट्झचा. फ्रीसिंक चालू केले की लोडिंग स्क्रीनवर आणि अंधाऱ्या दृश्यांत पडदा लुकलुकतो. बदलून घेऊ का? (कोल्हापूर)

आधी लुकलुक कसली ते पाहा. पडदा सेकंद-दोन सेकंद पूर्ण काळा होऊन परत येत असेल, तर केबल बदला. तो वेगळा आजार. तुम्ही लिहिता त्यावरून मात्र ब्राइटनेस थरथरतो आहे. फ्रीसिंक पडद्याचा रिफ्रेश (चित्र बदलण्याचा वेग) गेमच्या फ्रेमशी जुळवत राहते, आणि व्हीएमध्ये दोन रिफ्रेशमधले अंतर बदलले की गडद करड्या छटांचा उजेडही किंचित बदलतो. लोडिंगला फ्रेम ४० वरून १४० वर उड्या मारतात, म्हणून तिथे सर्वांत वाईट. दुसरे कारण खालच्या हद्दीवर आहे. फ्रीसिंकची मर्यादा ४८ पासून असेल, तर ४७ फ्रेमला मॉनिटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून ९४ हर्ट्झवर जातो, आणि ४९ ला परत खाली येतो. या ये-जामुळे पडदा धडधडतो. बदलून आणलेला नगही असाच वागेल, कारण हा स्वभाव झाला.

उपाय मात्र आहे. गेम ८० ते १०० च्या दरम्यान चालत असेल, तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधून किंवा आरटीएसएस या साधनाने कमाल फ्रेम ८५ वर बांधा. ग्राफिक्स थोडे उतरवून किमान फ्रेम ६० च्या वर ठेवा. तेवढ्याने भागले नाही, तर कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी या मोफत साधनाने फ्रीसिंकची खालची हद्द ४८ वरून ६५ करा. कमाल १४४ ही ६५ च्या दुपटीहून जास्त असल्याने फ्रेम दुप्पट करण्याची सोय शाबूत राहते आणि झोके लहान होतात. मॉनिटरच्या मेनूतला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद आहे ना, हेही बघा.

प्रश्न : मधोमध एक हिरवा ठिपका आहे. सेवा केंद्र म्हणते, एका पिक्सेलला बदली मिळत नाही. (ठाणे)

आधी १५-२० मिनिटे त्या भागावर झपाझप रंग बदलणारे चित्र चालवून पाहा. अडकलेला उपपिक्सेल कधीकधी सुटतो. बोटाने किंवा पेनाच्या टोकाने दाबू नका, शेजारचे चार आणखी जातील.

सेवा केंद्राच्या म्हणण्याला आधार आहे. आयएसओ १३४०६-२ या २००१ च्या मानकात दुसऱ्या वर्गाच्या पॅनेलला दर दहा लाख पिक्सेलमागे २ सतत उजळ, २ सतत काळे आणि ५ सदोष उपपिक्सेल चालत. तुमच्या पडद्यावर ४९.५ लाख पिक्सेल आहेत, करा हिशेब. २००८ मध्ये त्याच्या जागी आयएसओ ९२४१-३०७ आले, पण ठरावीक संख्येपर्यंत दोष चालवून घेण्याची रीत राहिली. बऱ्याच कंपन्या स्वतःचे याहून कडक धोरण ठेवतात, काही उजळ पिक्सेलला अजिबात सूट देत नाहीत. तुमच्या मॉडेलचे लेखी धोरण सेवा केंद्राकडून ईमेलवर मागा; तोंडी ‘मिळत नाही’ला अर्थ नाही.

विक्रेत्याची परतीची मुदत शिल्लक असेल तर कंपनीकडे जाऊच नका, ‘सदोष’ कारण निवडून परत करा. लेखी धोरणात बसत असूनही नकार आला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे : पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे. पॅनेल बदलून मिळाले तर सेवा केंद्रातच वरची सात चित्रे लावून पाहा, पेन ड्राइव्ह सोबत न्या.

प्रश्न : ओएलईडी घ्यायचा आहे, पण आमच्याकडे वीज वारंवार जाते. चालेल? (लातूर)

वीज जाण्यापेक्षा भिंतीवरचे बटण जास्त घातक. साधारण चार तासांच्या वापरानंतर मॉनिटर स्टँडबायमध्ये असताना ओएलईडी आपले पिक्सेल तपासून समतोल करते, त्याला पाच-दहा मिनिटे लागतात. आपल्याकडे रात्री बटण बंद करायची सवय असते. मग ही फेरी कधी होतच नाही, पडद्यावर छाया राहतात आणि बर्न-इन (चित्राचा कायमचा डाग) लवकर येते. पीसी बंद करा, मॉनिटरचा दिवा काय दाखवतो ते पाहा, फेरी संपली की मग बटण. मॉनिटरला यूपीएस द्याच. टास्कबार आपोआप लपेल असे करा आणि बर्न-इन वॉरंटीत लेखी आहे का ते वाचून घ्या. काही कंपन्या तीन वर्षे देतात, काही त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

प्रश्न : प्लेस्टेशन ५ अल्ट्रावाइडवर भरून दिसेल का? (फोंडा, गोवा)

नाही. प्लेस्टेशन २१:९ देत नाही. सप्टेंबर २०२२ पासून १४४०पी मिळते, पण ते २५६० बाय १४४० मध्यभागी बसते आणि दोन्ही बाजूंना ४४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. मॉनिटरच्या मेनूत आस्पेक्ट रेशो ‘ओरिजिनल’ ठेवा, नाहीतर माणसे रुंद दिसतील. पीसीवरही सगळे गेम ऐकत नाहीत. ‘एल्डन रिंग’ २१:९ वर पट्ट्याच दाखवतो.

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीहून येतोय. तिकडून स्वस्तात आणायला सांगू? (डोंबिवली)

ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते, वीज चालेल. वॉरंटी मात्र बहुतेक कंपन्यांची ज्या देशात विकत घेतले तिथेच चालते, आणि विमानाच्या पोटात सामान म्हणून आलेल्या वक्र पॅनेलची हमी कोणीच देत नाही. वरचे सगळे तपास तिकडेच, परतीच्या मुदतीत, भावाकडून करून घेता येत असतील तरच विचार करा.