शिल्लक काढताना राऊंड फिगर नको

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

अंदाजपत्रकाच्या पहिल्या खर्ड्यात सुट्या आकड्यांत अडकू नकोस. प्रत्येक रकमेचे पहिले दोन अंक ठेव आणि पुढे शून्यं दे. ३८,४६२ चे ३८,००० आणि ७,३८० चे ७,४००. जवळच्या आकड्याकडे वळवलं, की दोन अंकांत चूक ५ टक्क्यांच्या आतच राहते. एकाच अंकावर भागवलं तर १,५०० चे २,००० होतात, म्हणजे ३३ टक्के जास्त!

खर्चाची प्रत्येक बाब वरच न्यावी, असा सल्ला तुला मिळेल. मला तो पटत नाही. तीस बाबी थोड्याथोड्या फुगल्या, की नेमका किती पैसा जास्त धरलाय ते तुलाच कळत नाही आणि वर दहा टक्के राखीव धरले, तर तीच काळजी दोनदा मोजली जाते. राखीव रकमेची ओळ वेगळी लिही. अख्खीच घ्यावी लागणारी वस्तू मात्र नेहमी वरच धर. १४८ माणसं आणि ४८ आसनांची बस, भागाकार ३.०८. तीन बस ठरवल्यास तर चौघं मागे राहतील.

गुणाकारात एक आकडा वर नेलास, तर दुसरा खाली आण. ४७ × ३७ साठी ५० × ४० केलं तर २,००० येतात, ५० × ३५ केलं तर १,७५०. खरं उत्तर १,७३९. रोजचा दर तर गुणाकाराआधी तोडूच नकोस. ७४० चे ७०० धरलेस, की वर्षाला १४,६०० चा खड्डा पडतो.

सगळ्यात जास्त जप वजाबाकीला. जमा ४१,६००, खर्च ३८,४००, शिल्लक ३,२००. दोन अंकी हिशेबात ४२,००० वजा ३८,०००, शिल्लक ४,०००. दोन्ही आकड्यांत चूक जेमतेम एक टक्का, पण शिल्लक २५ टक्क्यांनी फुगली. मोठ्या रकमांतली चूक तेवढीच राहते आणि उरणारी रक्कम लहान असते, म्हणून असं होतं. बचत किंवा कर्जाचा हप्ता याच शिलकेवर ठरतो, तेव्हा ती मूळ आकड्यांवरूनच काढ.

आणि एकदा गोल केलेला आकडा पुन्हा गोल करू नकोस. ३,४४९ चे ३,४५० आणि त्याचे ३,५०० होतात. थेट शंभरात आणलं असतं तर ३,४०० झाले असते. खर्डा पाठवशील तेव्हा मूळ आकड्यांचा रकाना शेजारी तसाच असू दे.