वाचकांचे प्रश्न : फोंड्याने उतरावे, आंबोलीने चढावे

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ डिसेंबरमध्ये तीन दिवसांसाठी कुटुंबासह मोटारीने कोकणात जाणार आहोत. सोबत ७२ वर्षांची आई आणि दोन लहान मुले असतील. घाट पाहावा, एक रात्र तंबूत काढावी आणि आईला गरम पाण्याच्या झऱ्यावर स्नान घडवावे, अशी इच्छा आहे. मार्ग सुचवावा.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आईंचे स्नान हा या प्रवासाचा मुख्य हेतू धरून मी उत्तर देत आहे, कारण त्यावरच बाकीचे वेळापत्रक ठरते. आपल्याला सर्वांत सोयीचा झरा राजापूरजवळच्या उन्हाळे गावात, अर्जुना नदीच्या काठी आहे. त्याचे पाणी अंगाला सोसवेल इतपतच गरम असते. संगमेश्वर तालुक्यातील तुरळचे पाणी याहून पुष्कळ कढत असल्यामुळे वृद्ध आणि मुले बरोबर असताना तिकडे जाण्याचा आग्रह धरू नये.

निपाणीहून मुदाळ तिट्टा, राधानगरी आणि दाजीपूर करीत फोंडा घाट उतरावा व नांदगावला मुंबई-गोवा महामार्ग लागला की तळेरे, खारेपाटणमार्गे राजापूर गाठावे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले भोगावतीवरील राधानगरी धरण वाटेतच आहे. तेथे अर्धा तास जरूर थांबावे. दाजीपूरच्या जंगलपट्ट्यात गवे रस्त्यावर येतात, म्हणून हा टप्पा उजेडातच पार करावा. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये. जो गिअर चढताना लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.

पहिला मुक्काम राजापुरात करून दुसऱ्या दिवशी पहाटे, गर्दी होण्यापूर्वी झऱ्यावर जावे. आईंना रक्तदाब, हृदयविकार किंवा मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर पाणी किती कढत आहे हे कळत नाही आणि पाय भाजतात. दहा मिनिटे पुरेत. मुलांना डोके पाण्याखाली घालू देऊ नये, कारण कोमट, साचलेल्या पाण्यात क्वचित आढळणारा घातक अमिबा नाकावाटेच शरीरात शिरतो. साबण आणि शाम्पू गाडीतच ठेवावेत. तेच पाणी पुढे नदीला मिळते, आणि शिवाय ही जागा लोकांच्या श्रद्धेची आहे.

परतीला सावंतवाडीहून आंबोली घाट सायंकाळपूर्वी चढावा. वनखात्याच्या जंगलात परवानगीवाचून तंबू ठोकता येत नाही. एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणातच जागा मागावी, म्हणजे आईंना रात्री छपराखाली झोपता येईल. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, खुंट्या शिरत नाहीत, तेव्हा तंबूचे दोर जड दगडांना बांधावे लागतात. दव भरपूर पडते, म्हणून वरचे आवरण विसरू नये. वाळलेल्या गवताजवळ शेकोटी अजिबात पेटवू नये. सकाळी हिरण्यकेशीचा उगम पाहून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर या मार्गाने दुपारपर्यंत घरी पोहोचाल.

प्रश्न : कोकणात जिवंत ज्वालामुखी नसताना पाणी कशामुळे तापते?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल मुरते. जमिनीत साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअसने उष्णता वाढत जाते, त्यामुळे ते पाणी तापते आणि मोठ्या भेगांतून वेगाने वर येताना पुरते निवत नाही. कोकणातील उष्ण झरे किनाऱ्याला समांतर अशा उत्तर-दक्षिण ओळीत सापडतात, ते खडकातील याच भेगांमुळे. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा असला, तरी त्याची उष्णता केव्हाच संपलेली आहे.

प्रश्न : बेळगावहून भाड्याची गाडी नेल्यास सीमेवर अडचण येते का?
— एक वाचक, शहापूर

उत्तर : स्वतःच्या खासगी गाडीला प्रवासी परवाना लागत नाही. पिवळ्या पाटीच्या गाडीला मात्र महाराष्ट्रात जाण्याचा परवाना व कर लागतो. तो भरला आहे का, हे गाडी ठरवतानाच मालकाकडून कागद पाहून घ्यावे.