श्रेडर सतत बंद पडतो, फांदी चिरडून निघते: दोष मोटरचा की वापराचा?

प्रश्न: घराभोवतीच्या झाडांची छाटणी बारीक करण्यासाठी 2,500 वॅटचा पात्यांचा इलेक्ट्रिक श्रेडर घेतला. पहिले काही महिने उत्तम चालला. आता पाच-सात मिनिटांत आपोआप बंद पडतो, लांबची वायर हाताला गरम लागते आणि फांदीचे तुकडे होण्याऐवजी ती चिरडून बाहेर येते. मोटर बदलावी लागेल का? शिवाय ही कुट्टी ताजी असतानाच झाडांना घातली तर पाने पिवळी पडतात, हे खरे आहे का?

उत्तर: मोटर बदलण्याची घाई करू नका. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणे दोन गोष्टींकडे बोट दाखवतात. मोटरला पुरेशी वीज पोहोचत नाही आणि पात्यांना धार उरलेली नाही. मशीन बंद पडते ते मोटर जळू नये म्हणून. आतले ओव्हरलोड बटण उडते. ते पुन्हा पुन्हा दाबून काम रेटत राहिलात, तर मात्र मोटर खरोखरच जाईल.

आधी वायरीकडे बघा. 2,500 वॅटचे मशीन 230 व्होल्टवर सुमारे 11 अँपिअर वीज ओढते. घरात टीव्ही-पंख्यासाठी वापरतो ती 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर 30 मीटर लांब टाकली, तर जवळपास 11 व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि सव्वाशे वॅटची उष्णता त्या वायरीत तयार होते. वायर गरम लागते ती यामुळे. तीच वायर रिळावर गुंडाळलेली असेल, तर उष्णतेला निघायला जागा राहत नाही आणि आवरण वितळू शकते. 2.5 चौरस मिलिमीटरची वायर घ्या, तिच्यात तेवढ्याच अंतराला साडेचार व्होल्टच पडतात. काम सुरू करण्यापूर्वी ती पूर्ण उलगडून ठेवा. प्लग 16 अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा. त्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे बटण) असलेच पाहिजे, कारण ओल्या जमिनीवर उभे राहून आपण हे मशीन चालवतो. घरात मुळात व्होल्टेज कमी असण्याच्या वेळेला काम टाळावे. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 चे 200 झाले की जोर पाऊण भागच उरतो, आणि फांदी मात्र तेवढीच जाड असते.

आता पाती. बाहेर पडलेला एक तुकडा हातात घेऊन त्याचे टोक बघा. धार चांगली असेल तर कापलेली बाजू गुळगुळीत दिसते. टोकाला झाडूसारखे तंतू फुटलेले दिसले, साल लोंबत राहिली, तर पाते बोथट झाले आहे. प्लग काढून, झाकण उघडून पाते उजेडाकडे धरले की आणखी खात्री पटते. धारदार कडेवर उजेड थांबत नाही, बोथट कडेवर पांढरी रेघ चमकते.

पात्यांच्या बहुतेक घरगुती श्रेडरमध्ये फिरत्या चकतीवर दोन पाती असतात आणि प्रत्येकाला दोन्ही कडांना धार असते. एक कड गेली की पाते उलटवून बसवायचे. जाड हातमोजे घाला, चकती फिरू नये म्हणून लाकडाची पाचर लावा आणि मग बोल्ट सैल करा. दोन्ही पाती एकाच वेळी उलटवा किंवा बदला. धार लावून घ्यायची असेल तर मूळचा कोन तसाच ठेवून दोन्हींचे सारखेच घासून घ्या. वजनात थोडाही फरक पडला तर चकती थरथरते आणि बेअरिंग लवकर खराब होते. चीर किंवा मोठा खाच दिसला तर ते पाते पुन्हा बसवू नका. तुमचा शेजारी वापरत असेल तो संथ, दातेरी रोलरचा श्रेडर असेल, तर त्याची गोष्ट वेगळी: त्यात फांदी रोलर आणि दाबपट्टीमध्ये चिरडली जाते, आणि तुकडे साखळीसारखे जोडलेले निघू लागले की दाबपट्टीचा स्क्रू थोडा आवळायचा असतो.

धार लवकर का गेली, याचेही उत्तर शोधा. मुळाला चिकटलेली माती हे पहिले कारण. मातीतली वाळू धार खाते. सुतळी, तार, खडे यांच्याबद्दल सांगायलाच नको. दुसरे कारण वाळलेले कठीण लाकूड. छाटणी ताजी असतानाच फांदी बारीक करा, ओले लाकूड सहज कापले जाते. नुसती ओली पाने मात्र आत चिकटून तोंड बंद करतात, म्हणून थोडी पाने, मग एक फांदी, असे आलटून पालटून घाला. शेवटची फांदी कोरडी आणि सरळ घातली की आतला चिकटा बराचसा ढकलला जातो.

मशीनवरच्या पट्टीवर एस6-40% असे लिहिलेले आहे का, तेही पाहा. त्याचा अर्थ दहा मिनिटांच्या चक्रात चार मिनिटे भार आणि सहा मिनिटे रिकामे चालणे. एकामागून एक जाड फांद्या कोंबण्यासाठी ही मोटर बनवलेलीच नाही.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. चाराकुट्टी यंत्रात पेंढी हाताने पुढे सरकवायची सवय असते. ती सवय इथे अजिबात नको. गाठाळ फांदी आत ओढली जाताना हातालाही झटका देऊन ओढते. मशीनसोबत आलेल्या काठीनेच ढकला. अडकलेले काढायचे असेल तर बटण बंद करून भागत नाही. आधी प्लग काढायचा, मग चकती पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची, कारण बटण बंद केल्यावरही ती काही सेकंद फिरत राहते. चष्मा, कानाला संरक्षण आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे हवेत. ओढणी, साडीचा पदर, गळ्यातला रुमाल लोंबता नको.

काम झाल्यावर पाण्याचा फवारा मारू नका, ब्रशने झाडा. मोटरच्या हवेच्या जाळ्या मोकळ्या करा. पात्यावरचा चीक तेलाच्या फडक्याने पुसा, तेलाचा तेवढा हात गंज टाळण्यासाठी पुरतो.

राहिला कुट्टीचा प्रश्न. पाने पिवळी पडतात हे खरे आहे, पण कुट्टी मातीत मिसळली तर. लाकडात कर्ब खूप आणि नत्र फार कमी असते. ते कुजवणारे जिवाणू लागणारे नत्र मातीतून उचलतात आणि झाड उपाशी राहते. तीच कुट्टी मातीवर 5 ते 8 सेंटिमीटर जाडीचे आच्छादन म्हणून पसरली, तर हा त्रास सहसा होत नाही, कारण नत्राची ओढाताण वरच्या पातळ थरापुरतीच राहते. खोडाला मात्र टेकवू नका, चार बोटे अंतर सोडा. कंपोस्ट करायचे असेल तर हिरवा पाला, गवत किंवा शेण भरपूर मिसळा, कर्ब आणि नत्राचे प्रमाण 25 ते 30 ला 1 च्या आसपास आले की ढीग चांगला तापतो. रोगट फांद्यांची कुट्टी आच्छादनाला वापरू नका. कण्हेरीची कुट्टी जनावरांच्या गोठ्यात कधीही पसरू नका, ती विषारी आहे.